पाहुण्याची वायर

याकोबमामा कुणाच्याही घरी गेला की आधी माणसांकडे बघत नसे, मीटरकडे बघे. लग्न असो, बाप्तिस्मा असो, कुणाची माती असो. चपला काढता काढता मान वर, डोळे बारीक, आणि मग यजमानाला, "न्यूट्रल ढिली हाय तुमची." एवढं झालं की त्याची ख्यालीखुशाली विचारून झाली. फिलोमिनामामी सांगायची, हा मानूस मला बघायला आला तवा माझ्याकडं न्हाई, माझ्या डोक्यावरच्या होल्डरकडं बघत हुता. मला वाटलं तिरळा हाय.

बोलायचा तोही तसाच. आधी घसा दोनदा साफ, मग "त्याचं काय हाय", मग एक भलामोठा थांबा. त्या थांब्यात समोरचा माणूस मामाचं वाक्य आपणच पुरं करून मोकळा व्हायचा आणि मामा "व्हय, तेच" म्हणायचा. तीस वर्षं नगरच्या नागापूर एमआयडीसीत नोकरी केली ती अशी अर्ध्या अर्ध्या वाक्यांवर.

त्याचा कारखाना गाड्यांच्या बॉड्या बांधणारा. आधी रुग्णवाहिका, शाळेच्या बसा. सहा वर्षांपूर्वी त्यांनी नवीनच काम घेतलं: मोठी व्हॅन घ्यायची आणि तिच्या पोटात घर बसवायचं. पलंग, ओटा, बेसिन, फ्रीज, पंखा, दिवे. कागदावर तिला मोटारहोम म्हणत, शेडमध्ये सगळे घरगाडी म्हणत. पलंगाखाली बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर, आणि तिथून निघालेली प्रत्येक वायर याकोब भिंगारदिव्याच्या हातची. मामा माझा असला तरी शेडमधले सगळे, साहेबसुद्धा, त्याला मामाच म्हणायचे.

मामा वायरिंग शिकला झेंडीगेटच्या फक्रुद्दीन उस्तादांकडे. उस्ताद कधीच गेले, पण त्यांचं एक वाक्य मामाच्या तोंडी कायम, अगदी त्यांच्याच तंबाखू धरलेल्या आवाजात: "काटने के पैले उसका सोच, जो तेरे बाद आनेवाला है." म्हणजे वायर जोडणीपाशी नेमकी कापायची नाही. हात-दीड हात जास्त सोडायची, तिचं वेटोळं करायचं, बांधायचं आणि बोर्डामागं सारून द्यायचं. उद्या टोक जळेल, उंदीर कुरतडेल, कुणीतरी दुसरा दुरुस्तीला येईल. त्याला हाताशी वायर मिळाली पाहिजे. मामा तिला पाहुण्याची वायर म्हणायचा. पाहुणा आला आणि डब्यात भाकर नाही, असं होऊ नये. सावेडीत, भिंगारमध्ये कुठल्याही जुन्या घरातला बोर्ड उघडा, आत वेटोळं दिसलं की वायरमन हसून म्हणणार, याकोबमामाचं काम दिसतंय.

नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, घरांमध्ये तीस वर्षं हे चाललं. घरगाड्यांतही मामानं तेच केलं. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या जाड वायरीलाही दीड हात पाहुण्याचा ठेवला, आवळून बांधला आणि पलंगाच्या फळीखाली, लोखंडी अँगलच्या मागं सारून दिला.

गेल्या सप्टेंबरात नाशिकच्या एकाची गाडी जळका वास येतो म्हणून परत आली. कारखान्यात पंकजा मॅडम नावाच्या इंजिनिअर आहेत, नेवाशाच्या, वय सत्तावीस. त्या भरभर बोलतात आणि प्रत्येक वाक्याला "बरोबर ना?" असा खिळा ठोकतात. त्यांनी फळी उचलली. वेटोळ्याचं आवरण वितळून चिक्कीसारखं एकमेकाला चिकटलं होतं, आणि जिथं ते अँगलच्या कडेला घासत होतं तिथं आतलं तांबं उघडं पडलं होतं. मॅडमनी ड्रॉइंग काढलं. ड्रॉइंगमध्ये वेटोळं नव्हतंच. हे कुणी केलं असं त्यांनी विचारलं तेव्हा शेडमध्ये सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. कारण सगळ्यांना माहीत होतं.

मामानं घसा साफ केला नाही, थांबा घेतला नाही. "माझं हाय," म्हणाला.

पंकजा मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या. "मामा, घराची भिंत हलत नाही. गाडी हलते." एवढंच. मग थोडं समजावलं, की घरातल्या दिव्याच्या वायरीतून जाणारा करंट कुठं आणि हा कुठं. एवढा करंट वाहणारी वायर वेटोळं करून आवळली की तापते, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिला कडेवर घासतो. त्या वाक्यांना त्यांनी "बरोबर ना?" लावलं नाही.

अशा गाड्या बावीस होत्या. विकलेल्या गाड्या परत बोलवायच्या आणि फुकट दुरुस्त करून द्यायच्या असं ठरलं. ऑफिसातल्या सुकन्यानं पत्रं टाइप केली: विद्युत जोडणीतील त्रुटीमुळे आग लागण्याचा धोका संभवतो. मामानं ते पत्र हातात घेऊन तिला विचारलं होतं, त्रुटी म्हंजे मीच ना? ती म्हणाली, तसं नसतं हो मामा, ही कागदाची भाषा असते.

मग सुकन्याचे फोन सुरू झाले. "नमस्काऽऽर सर, आपल्या घरगाडीच्या सुरक्षेसंदर्भात थोडं बोलायचं होतं." नाकातून, गोड, विमानतळावर उभी असल्यासारखी. पुण्याचे एकजण सगळं लेखी मागत होते. संगमनेरच्या डॉक्टरांनी विचारलं, मग आग लागेपर्यंत मी काय करायचं ते सांगा. पण गाड्या यायला लागल्या.

मामाला कुणी काढलं नाही, कुणी बोललंही नाही. ते त्याला जास्त लागलं. त्यानं साहेबांकडे एकच मागितलं, की सगळी वेटोळी मीच कापणार. एकेक गाडी आली की तो फळी उचलायचा, स्वतःच्या हातचं वेटोळं बघायचा, कापायचा, वायर नेमक्या मापाची करून क्लॅम्पनं जखडायचा. एकवीस गाड्या झाल्या. तोवर मामाचं मीटर बघणं बंद झालं होतं. मावशीच्या घरी साखरपुड्याला आला, खाली बघत बसला, पाणी प्यायला, निघाला. डिसेंबर उजाडला तरी दारात नाताळची चांदणी लागली नव्हती. दरवर्षी आख्ख्या गल्लीच्या चांदण्या तोच लावायचा. मामी पाळकांना सांगून आली. पाळक म्हणाले, प्रार्थना करू. मामी म्हणाली, करा, पन जरा लवकर करा.

राहिली ती बाविसावी गाडी, शेवगावची. मालक श्रीमंत काटे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सुकन्यानं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर: "गाडी डेपोत लागली म्हनावं. आता फेरी न्हाई." गाडी उभीच असते, तिला काय आग लागणार, असं त्यांचं म्हणणं. चौथ्यांदा मामानं फोन आपल्या हातात घेतला. फ्रीज चालू आहे का, विचारलं. हाय, म्हणाले. पंखा? लागंल तसा. बॅटरी भरायला घरातून वायर लावलेली असते का? कायम. आणि वर सहज सांगितलं, की मी झोपतोच तिच्यात.

उभ्या गाडीतही फ्रीज इन्व्हर्टरवरच चालतो. म्हणजे वेटोळं चोवीस तास तापत होतं, आणि त्याच्यापासून चार फुटांवर एक म्हातारा झोपत होता. मामा त्या दिवशी जेवला नाही.

रविवारी उपासना झाल्यावर तसाच तो शेवगावच्या बसमध्ये बसला. मामीनं मला बरोबर धाडलं. हा मानूस घरी येऊन काय झालं ते सांगणार न्हाई, आणि तू सांगितलंस की माझ्या डोळ्यांपुढं घडल्यासारखं हुतं, असं तिचं कारण.

श्रीमंतरावांचं घर गावाच्या कडेला. अंगणात कडुलिंबाखाली क्रीम रंगाची घरगाडी, आणि घराच्या खिडकीतून तिच्या पोटात गेलेली काळी वायर. माणूस काटक, खिशाला दोन पेनं, आणि चालायचा तिरका, जसं काही दोन्ही बाजूंना सीटा आहेत आणि मधून वाट काढायची आहे. "या, पुढं या, पुढं जागा हाय, दारात गर्दी करू नका." गर्दी म्हणजे मामा आणि मी. मला हसू आवरेना. मामानं एकदा माझ्याकडे बघितलं.

चहा झाला. श्रीमंतराव खुलले. चौतीस वर्षं शेवगाव-नगर, नगर-शेवगाव केलं. स्टँडच्या पलीकडं कुठलंच गाव बघितलं न्हाई, म्हणाले. आणि बायकोनं, लंकाबाईनं, चौतीस वर्षं डबा भरला. तिनं तर स्टँडबी बघितलं न्हाई. निवृत्त झाल्यावर हाती आलेले सगळे पैसे घालून ही गाडी घेतली. चालवायला एका जुन्या ड्रायव्हरकडून अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. लंकाबाई शेजारी बसायची, हातात स्टीलचा पेला आणि चमचा. तिनं दोनदा टण्टण केल्याशिवाय ते गाडी हलवत नसत. मोकाट दोन वर्षं हिंडले; कोकण केलं, हंपी केली, पार रामेश्वरला जाऊन आले. मग गेल्या एप्रिलात तिच्या छातीत दुखायला लागलं. नगरच्या दवाखान्यात नेली, चौथ्या दिवशी गेली.

"घंटी न देता गेली," म्हणाले आणि कप विसळायला उठले.

मामानं दोनदा घसा साफ केला. काम दहा मिनिटांचं नाही, पण तासाच्या आत होईल, पलंगाची फळी तेवढी उचलावी लागेल, असं त्यानं सांगितलं. श्रीमंतरावांनी गाडीचं दार उघडलं. आत सगळं लख्ख. ते स्वतः बाजूच्या अरुंद बाकावर झोपत होते. तिथं त्यांची उशी, चादर. मागचा मोठा पलंग मोकळा. त्यावर एका कडेला घडी घातलेली गोधडी, दवाखान्यात जायच्या दिवशी लंकाबाईनं घातलेली, आणि गोधडीवर तिचा कंगवा.

"त्याला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "बाकी काय बी बदला."

मामानं सांगितलं की दोष नेमका त्याच्याचखाली आहे. मग फ्रीज तरी बंद ठेवा, वायर काढून ठेवा, बॅटरी सोडवून देतो, असंही म्हणाला. तर ते एकदम, "न्हाई, फ्रीज बंद करायचा न्हाई." मला आश्चर्य वाटलं, कारण फ्रीजमध्ये पाण्याची एक बाटली सोडून काही नव्हतं. मामानंही ती बघितली.

 श्रीमंतरावांनी मामाचा हात मनगटाशी धरला आणि गोधडीशेजारी, उघड्या फळीवर ठेवला.

"बघा."

मामाचा हात तिथंच राहिला.

"कोमट लागतंय का न्हाई? आठ महिने झाले. सकाळी बघा, दुपारी बघा. आत्ता उठून च्या ठिवायला गेलीय असं वाटतं. ती असताना बी म्हनायची, हितं लई बरं वाटतं, पाठ शेकती. कंबर धरायची ना तिची." ते मामाकडे न बघता बोलत होते. "गेल्या म्हैन्यात दिवसभर लाईट न्हवती. बॅटरी उतरली, फ्रीज बंद, आन हे गार पडलं. त्या दिवशी मी जेवलो न्हाई बघा. लाईट आली, परत हुतं तसं झालं. मी येडा न्हाई. मला कळतं काय तरी यंत्राचं आसंल. पन तुमी ते काढू नका."

मी मामाच्या तोंडाकडे बघत होते. मीटरकडे बघताना जसे बारीक व्हायचे तसे त्याचे डोळे झाले होते. पण तो बघत होता फळीकडे, जिच्याखाली काय आहे ते त्याला न उघडताच दिसत होतं. काही न बोलता तो फळी उचलू शकला असता. तांत्रिक काहीबाही सांगून, नवं बसवतो म्हणून, वेळ मारून नेऊ शकला असता.

"श्रीमंतराव," तो म्हणाला, "ती ऊब माझी हाय. माझ्या वायरीची."

आणि मग मामानं जन्मात पहिल्यांदा सगळी वाक्यं पूर्ण केली. उस्तादांचं सांगितलं. पाहुण्याची वायर सांगितली. दीड हात का सोडला, कसा बांधला, कुठं सारला. पत्रात त्रुटी लिहिलंय ती मी हाय, म्हणाला. जी जागा गरम लागते तिथं तांबं उघडं पडत चाललंय, आणि खाली प्लायवूड आहे, वर गोधडी आहे.

श्रीमंतरावांनी फळीवरनं मामाचा हात बाजूला केला. सावकाश, परक्याचा पोरगा सीटवरून उठवावा तसा.

"म्हंजे ती ह्याच्यावर झोपत हुती."

"व्हय."

"दोन वर्सं."

"व्हय."

"आन मी तिला म्हनत हुतो, लंके, तुझी पाठ शेकायला कंपनीनं खास बसवून दिलंय." ते खाली बसले. मग तसेच बसून म्हणाले, "भाईर व्हा दोगं बी."

आम्ही बाहेर झालो. दार लागलं. मला वाटलं आता निघायचं. मामा गाडीच्या मागच्या चाकाशी जमिनीवर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. मी म्हटलं, मामा, ते उघडणार नाहीत. तो म्हणाला, बस. गाडी अशी ठिवून मी जानार न्हाई. शेजारची एक बाई कुंपणावरून विचारून गेली, काटेभाऊंकडं कोन पाव्हनं. मी म्हटलं, वायरमन. एक बस जायची ती गेली. आतून काहीच आवाज येत नव्हता. फक्त फ्रीज मध्येच घुमायचा आणि तो घुमला की मामा मान वर करायचा.

तासाभरानं दार उघडलं. श्रीमंतरावांनी गोधडी छातीशी धरली होती, घडी न मोडता, दोन्ही हातांनी, आणि कंगवा खिशात दोन पेनांच्या मध्ये. त्यांना गोधडी उचलायला कुणी लावलं नव्हतं. त्यांनीच उचलली होती. "या," म्हणाले. पुढं या म्हणाले नाहीत.

मामानं फळी काढली. बावीस गाड्यांतलं सगळ्यांत वाईट वेटोळं ते. खालच्या लाकडावर भाकरीएवढं गोल काळं झालं होतं, आणि मधे बोट घातलं तर राख लागली असती. श्रीमंतरावांनी वाकून बघितलं. ते किती दिवस टिकलं असतं असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, सांगता येत न्हाई. एखादं वर्स. एखादी रात. त्यांनी गोधडी या हातातून त्या हातात घेतली.

पकडीचा एकच आवाज झाला. मग मामानं टोक सोललं, नवी जोडणी दाबली, कडेला रबर घातलं, तीन ठिकाणी क्लॅम्प मारले. जळका तुकडा काढून नवा प्लाय ठोकला. वायर इतकी नेमकी झाली की तिच्यात बोटभर ढील राहिली नाही. फळी बसवली आणि फ्रीज चालू केला. अर्धा तास थांबून तपासायचं असतं.

तो अर्धा तास श्रीमंतरावांचा तळहात फळीवर होता. मामानं मीटर लावून आकडा बघितला, कागदावर लिहिला, पुन्हा बघितला. सगळं ठीक होतं. मामानं कागद पुढं केला. त्यांनी डाव्या हातानं तो धरला आणि सही करायलासुद्धा उजवा हात फळीवरून काढला नाही. मामानं मग कागद त्यांच्या गुडघ्यावर धरून ठेवला आणि त्यांनी डाव्या हातानंच कशीबशी सही केली.

"गार पडली," म्हणाले.

स्टँडवर सोडायला आले नाहीत. बसमध्ये मामा खिडकीशी बसला. घरी मी मामीला सगळं सांगितलं. श्रीमंतरावांचं तिरकं चालणं, पेला-चमचा, सगळं. मामी हसलीही. फळीवरच्या हातापाशी आले तेव्हा म्हणाली, पुरे आता, आवाज काढू नको त्यांचा.

कारखान्यानं बाविसावी गाडी कागदावर पूर्ण झाली असं कळवलं. पंकजा मॅडमनी मामाला मिठाई दिली, ती त्यानं शेडमध्ये वाटून टाकली. त्याच आठवड्यात त्यानं दारात चांदणी लावली. स्टुलावर चढला, वायर मोजली, कापली. मी खालून बघत होते. वायर होल्डरपासून बटणापर्यंत ताठ होती, वीतभरही जास्त नाही.

नाताळला चार दिवस होते तेव्हा संध्याकाळी फोन आला. यंत्रांच्या आवाजानं मामाचा एक कान गेलाय, म्हणून तो फोन स्पीकरवरच ठेवतो. मामी करंज्या भरत होती, मी कातत होते.

श्रीमंतरावांनी आधी नाताळचं विचारलं, थंडीचं विचारलं. शेवगावात लई गारठा हाय म्हणाले. गाडी चांगली आहे, वास नाही, काही नाही. मग नुसताच श्वास ऐकू आला. मामा थांबला होता. या वेळी थांबा त्याचा नव्हता.

"याकोबराव, एक इचारू का? त्या फळीखाली काय तरी बसवता ईल का वो? बिनधोक असंल असं. जरा कोमट ऱ्हाईल, एवढंच."

मामी माझ्याकडे बघायला लागली. मामानं फोन दोन्ही हातांत धरला.

"न्हाई वो," तो म्हणाला. "तसं काय येत न्हाई मला."

"बरं, बरं. मी आपलं इचारलं." आणि फोन ठेवला गेला.

मामीनं पिठाचा हात पदराला पुसला. असलं काम तो डोळे झाकून करतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजीच्या पाठीखाली असंच शेकणारं काहीतरी त्यानं स्वतः बनवून दिलं होतं. "येतं की तुमाला," ती हळूच म्हणाली.

"येतं," मामा म्हणाला.